बारा वाजताची खूण

उद्या लळिंगावर जाताय म्हणे? जा की. बदली होऊन धुळ्यात आलात, आमच्या शेजारी बिऱ्हाड केलंत, आता लळिंगही करून घ्या. पहाटे निघा. आग्रा रोडनं सहा मैल नाकासमोर चालायचं, लळिंग गाव लागतं. तिथं पुना नावाचा म्हातारा आहे, त्याच्या ओट्यावर पाणी प्यायचं आणि मग चढायला लागायचं. तासाभराची चढण आहे. मधे कातळातल्या पायऱ्या येतील, तिथं घाई करू नका. वर किल्ल्याच्या पाण्याच्या टाक्याजवळ एक सपाट खडक आहे, त्यावर बसलात की उत्तरेला सगळं धुळं, पांझरेचं वळण, त्यापलीकडे सोनगीरचा डोंगर. दक्षिणेला गाळणा. मावळतीला साक्रीकडच्या रांगा, हवा निवळ असली तर एकामागं एक पाच मोजता येतात. सकाळच्या चालीवर एवढं बघायला मिळतं आणि आमचे लोक रविवारी दुपारपर्यंत पान चघळत बसतात, याचा मला राग येतो.

फक्त खिशात आरसा नेऊ नका. दाढीचाही नको.

हसू नका. दिवा जरा इकडे सरकवा आणि बसा घटकाभर. त्या भिंतीवरच्या पेन्सिलीच्या खुणा? नाही हो, पोरांची उंची मोजलेली नाही ती. मला पोरं नाहीत. सांगतो, तिथंच येतोय.

मी तारखात्यातला माणूस. अठ्ठावीस वर्षं धुळ्याच्या तार ऑफिसात काढली, अजून लोक चुडामण तारमास्तर म्हणूनच ओळखतात. त्या कामात दोन गोष्टी अंगात मुरतात. एक म्हणजे हात. यंत्रावर ठोकणारा प्रत्येक माणूस वेगळा ठोकतो. चाळीसगावला कौतिक म्हणून होता. त्याचं तोंड मी जन्मात पाहिलं नाही, पण पहिल्या चार ठोक्यांत कळायचं की आज कौतिक बसलाय, आणि आज त्याचं बायकोशी वाजलंय. दुसरी गोष्ट म्हणजे पोच. पुढच्यानं मिळाल्याची पोच दिली की तार गेली, मग ती बाप आला तरी मागं घेता येत नाही. आणि पोच मिळेपर्यंत पाठवणाऱ्यानं जागा सोडायची नाही. या दोन गोष्टी ध्यानात ठेवा, बाकीचं आपोआप कळेल.

भाईदास माझा मित्र. कापसाच्या जिनात कारकून होता. गादीवर बसून बसून पोट सुटलं, दोन जिने चढला की धाप लागायची. वैद्यांनी त्याला तोंडावर सांगितलं की डोंगर चढ, नाहीतर पंचावन्न बघणार नाहीस. म्हणून आम्ही दर रविवारी लळिंग सुरू केलं. दसऱ्यापासून होळीपर्यंत, उन्हाळा लागला की बंद. पहिल्या दिवशी अर्ध्या चढावर बसून त्यानं मला आणि वैद्यांना यथास्थित शिव्या घातल्या. वर पोचल्यावर मात्र बराच वेळ साक्रीकडे बघत राहिला आणि म्हणाला, एवढ्या जवळ हे होतं आणि मी कापसाच्या गाठी बघत बसलो. पुढच्या रविवारी तोच मला उठवायला आला.

पंचाईत होती ती त्याच्या बायकोची. यशोदावहिनी मूळच्या साक्रीकडच्या, बोलणं सगळं अहिराणी. मूलबाळ नाही, गुडघे धरलेले, आणि नवरा जेवल्याशिवाय जेवायचं नाही हा नेम. त्या पहिल्या रविवारी आम्ही उन्हं कलल्यावर आलो, तर वहिनी सकाळपासून उपाशी, जिन्यात बसून रडताहेत. भाईदास डोंगरावरून पडला असंच त्यांनी धरलं होतं. तेव्हा मीच डोकं लढवलं.

त्यांचं घर जुन्या धुळ्यात. आपल्या खान्देशातल्या घरांसारखंच, वर मातीचं सपाट धाबं. धाब्यावर उभं राहिलं की लळिंगाचा माथा समोर. वरून आरशानं ऊन टाकलं तर सहा मैलांवर लख्ख दिसतं. तेव्हा असं ठरलं की बरोबर बाराला आम्ही वरून तीन वेळा चमकवायचं, म्हणजे सुखरूप पोचलो. वहिनींनी धाब्यावरून तीनदा उत्तर द्यायचं. मग एक वाजता आम्ही दोन वेळा चमकवायचं, म्हणजे उतरतो. त्यांचं दोनदा उत्तर आलं की आम्ही पाऊल उचलायचं आणि त्यांनी खाली चुलीशी जायचं. चार वाजता गरम भाकरी. खात्याची शिस्त मी एका घराच्या धाब्यावर नेली, याचा मला तेव्हा केवढा अभिमान होता म्हणून सांगू.

भाईदासनं दाढीचा आरसा घेतला, पाठीवरचा पारा नखाएवढा खरवडून नेम धरायला भोक केलं. वहिनी आपल्या फणीपेटीतला आरसा घ्यायच्या, रोज कुंकू लावायचा, लग्नातला. आणि भाईदासचा हात शंभरात ओळखू येण्यासारखा होता. भारी घाई. दुसरी चमक पहिलीच्या टाचेवर पाय देऊन यायची. माझ्या हाती आरसा आला तर मी आपला तारखात्याचा, मोजून मापून, फक्त शेवटची चमक जराशी लांबायची. ती माझी जुनी खोड. कौतिकही मला त्यावरूनच ओळखायचा.

असे दोन मोसम गेले. भाईदासचं पोट उतरलं, धाप गेली. मग सन चौतीसचा पौष आला.

त्या रविवारी चढताना तो कमी बोलला, हे मला नंतर आठवलं. वर आलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. थंडीचं ऊन, वारा पडलेला, खाली धुळ्यावर धुराचा पातळ थर. खडकावर धोतराचं पान पसरून आम्ही भाजलेल्या शेंगा आणि गूळ काढला. चार शेंगा खाल्ल्या असतील. म्हणाला, छातीत जरा भरल्यासारखं होतंय, पडतो घटकाभर. टोपी तोंडावर घेतली आणि आडवा झाला. मी टाक्यावर पाणी आणायला गेलो. भांडं भरून आलो, हाक मारली. पुन्हा मारली. मग टोपी काढली.

नाडी बघितली, नाकाशी सूत धरलं. काही राहिलं नव्हतं. मी तिथंच बसलो आणि काय करावं ते सुचेना म्हणून घड्याळ काढून बघितलं. बाराला सात मिनिटं कमी होती.

तुम्ही माझ्या जागी काय केलं असतं ते मला माहीत नाही. मला त्या वेळी एकच दिसत होतं. बाराला खूण गेली नाही तर वहिनी धरलेल्या गुडघ्यांनी जिना उतरणार, वेड्यासारख्या आग्रा रोडला लागणार. खाली जाऊन माणसं जमवून याला घरी न्यायला मला चार-पाच तास. तेवढा वेळ ती बाई उन्हात एकटी. अशी बातमी कोणाला नुसत्या न आलेल्या खुणेवरून कळू नये, मी समोर उभा राहून सांगेन, एवढंच मनात होतं. वाईट हेतू नव्हता.

आमच्या खात्यात सगळ्यात मोठा गुन्हा म्हणजे दुसऱ्याच्या सहीनं तार पाठवणं. अठ्ठावीस वर्षांत केला नव्हता. त्या दिवशी मी भाईदासच्या कोटाच्या वरच्या खिशातून आरसा काढला, समोर काठी रोवली, भोकातून काठीच्या टोकावर घराचा नेम धरला आणि बाराच्या ठोक्याला तीन वेळा चमकवलं. सुखरूप पोचलो.

एरवी उत्तर लगेच यायचं. त्या दिवशी आलं नाही. मी उभाच, हात वर धरून. मिनिट गेलं, दोन गेली. मग धाब्यावरून एक चमकलं. थांबून दुसरं. थांबून तिसरं. मी आरसा त्याच्या खिशात परत ठेवला, गुंडी लावली, तोंडावर टोपी नीट केली आणि खाली पळालो.

पुना आणि गावातली चार माणसं खाट घेऊन आली. वर पोचलो तेव्हा भाईदास ठेवला तसाच होता. खिशाची गुंडी लावलेली होती. खिशात आरसा नव्हता. कोणी नेला म्हणावं तर डोंगरावर दुसरं माणूस नव्हतं, आणि नेणारा गुंडी कशाला लावेल? मी खडकाखाली बघितलं, गवतात बघितलं. पुना म्हणाला, मास्तर, काय सांडलं? मी म्हणालो, काही नाही. उशीर होत होता.

बैलगाडीतून चारच्या सुमाराला घरी आणला. वहिनी दारातच होत्या. रडायच्या आधी त्यांनी मला एवढंच विचारलं की बाराला ते होते ना. मी हो म्हणालो. एकदा खोटं पाठवल्यावर दुसरं सोपं जातं.

तेराव्यानंतर आठवडाभरानं भाईदासचा धाकटा भाऊ झुलाल माझ्याकडे आला. साक्रीकडे शेती करणारा, सरळ माणूस. वहिनींना कायमचं गावी न्यायला आला होता, पण त्या घर सोडीनात. बांगड्या उतरवल्या, कुंकू पुसलं, सगळं रीतीप्रमाणे झालं, फणीपेटीतला आरसा मात्र कोणाला हात लावू देत नाहीत. उतरतो म्हणून खूण येईल तेव्हा जेवीन म्हणतात. तीन आठवडे नुसत्या घोटभर दुधावर आहेत. परवा जिन्यात चक्कर येऊन पडल्या. झुलालचे डोळे भरून आले. म्हणाला, तारमास्तर, भाऊ गेला तो गेला, वहिनी अशी डोळ्यादेखत जायला नको. हे खुणांचं तुम्हीच शिकवलंत, तुम्हीच समजवा.

मी रविवारी साडेअकराला धाब्यावर गेलो. शेजारणीनं वाळत घातलेल्या लाल मिरच्या, खाली गल्लीत पिंजाऱ्याची टणटण, सगळं रोजचं. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. हाताची नुसती काडी झालेली. आरसा मांडीवर पालथा. मी दोन शब्द बोलायला तोंड उघडलं तर त्यांनी बोटानं लळिंगाकडे दाखवलं.

बारा वाजले. डोंगराच्या माथ्यावर, टाक्याच्या बाजूला, चमकलं. एक. दोन. तीन.

 भाईदासचा हात असता तरी मी मनाची समजूत काढली असती, म्हटलं असतं की दुःखानं वहिनींना दिसतं आणि त्यांच्या शेजारी बसून मलाही दिसायला लागलं. पण चमका मोजून मापून आल्या होत्या आणि तिसरी जराशी लांबली होती. तो माझा हात होता. माझीच तार होती ती, तीन आठवड्यांपूर्वी पाठवलेली, अजून जात होती.

वहिनींनी आरसा उचलला नाही. मी कसंबसं म्हणालो, वहिनी, त्या दिवशी बाराला...

"माले म्हाईत शे, भाऊ," त्या म्हणाल्या. "तो त्यासना हात नव्हता. तुमना व्हता."

मला खाली बघवेना आणि वरही बघवेना. माहीत होतं तर उत्तर का दिलंत, असं मी विचारलं. त्यांनी मांडीवरच्या आरशावर हात ठेवला.

"उत्तर दिधं नसतं, ते मन्हं कुकू तठेच गयं असतं. दिधं, म्हनीसन चार तास आखो ऱ्हायनं."

चार तास. मला वाटत होतं की मी त्या बाईला फसवलं. त्यांनी सगळं ओळखून, दोन मिनिटं विचार करून, माझ्या खोट्याला पोच दिली होती आणि त्यातून चार तासांचं कुंकू काढून घेतलं होतं. मी पुरुषासारखा पुरुष, तिथं मिरच्यांच्या शेजारी बसून रडलो. वहिनी रडल्या नाहीत. त्यांनी मला सरळ हिशोबात सांगितलं की पोचल्याची खूण तुम्ही दिली, मी पोच दिली, पण उतरतो म्हणून कोणी सांगितलंच नाही. मग माणूस उतरेल कसा? तो तिथंच बसून आहे.

"तुम्हीच त्यासले तठे बसाडी ठेवं," त्या म्हणाल्या. "आते तुम्हीच उतारा."

पुढच्या रविवारी मी एकटा चढलो. माझा स्वतःचा दाढीचा आरसा घेतला. पुनाला सांगितलं की खालीच थांब. खडकावर आमच्या शेंगांची टरफलं तशीच होती, महिनाभरात वाऱ्यानंही हलवली नव्हती. मी त्यांच्या शेजारी बसलो नाही, उभा राहिलो. बारा वाजायच्या सुमाराला सरकीच्या तेलाचा वास यायला लागला. जिनात काम करणाऱ्याच्या कोटाला येतो तो. वारा नव्हता. बाराला टाक्याच्या आतल्या भिंतीवर, पाण्याच्या वर, उन्हाचा एक कवडसा पडला. हलला, गेला, पुन्हा पडला. तीनदा. तिसरा जरा रेंगाळला. माझा आरसा खिशात होता. कवडसा ज्या बाजूनं आला ती बाजू माझ्या पाठीमागं होती आणि मी मान वळवली नाही. घाबरलो होतो, सरळ सांगतो.

एक वाजला. मी काठी रोवली आणि दोन वेळा चमकवलं. उतरतो. धाब्याकडून काही आलं नाही. खात्याच्या नियमाप्रमाणे पाच मिनिटांनी पुन्हा पाठवलं. पुन्हा पाठवलं. मला तिथून धाबं ओळखू येत होतं, पण त्यावर काहीही चमकलं नाही. मनात आलं की वहिनी गेल्या. आपल्याला उशीर झाला. मग माझ्यानं थांबवेना. उभ्या जन्मात पहिल्यांदा मी पोच न घेता जागा सोडली आणि धडपडत उतरलो.

पुना ओट्यावर बसला होता. माझ्याकडे बघून त्यानं कपाळावर आडवा हात धरला आणि वर बघितलं.

"मास्तर, वर आखो कोन शे?"

कोणी नाही, मी म्हणालो.

"मंग ते काय...?"

मी वळलो. माथ्यावरून दोन वेळा चमकलं. दुसरी चमक पहिलीच्या टाचेवर पाय देऊन आली.

तेव्हा मात्र मला भीती वाटली नाही. मला हुंदका फुटला. महिनाभर माझ्या खोट्या हातानं बोलत होता तो, आता आपल्या हातानं बोलला. पुनानं पाण्याचा लोटा पुढं केला, मी पाणी प्यालो आणि धुळ्याची वाट धरली.

घरी पोचलो तेव्हा पाच वाजत आले होते. वहिनी चुलीशेजारी बसून जेवत होत्या. कळण्याची भाकरी, ठेचा आणि कांदा. झुलाल उंबऱ्यात बसून त्यांच्याकडे बघत होता, जसं काही कधी कोणी जेवताना बघितलंच नव्हतं. त्याचं गाठोडं बांधून तयार होतं. मला इतकं बरं वाटलं की मी दारातच मटकन बसलो आणि म्हणालो, वहिनी, मी तीनदा पाठवलं, उत्तर का दिलं नाहीत, माझा जीव गेला असता.

"तुमना हातले मी एकदाव उत्तर दिधं, भाऊ. आखो काब्र दिऊ?"

एकदा दिलं, पुन्हा कशाला द्यायचं? मग त्यांचं आलं, त्या म्हणाल्या. धाब्यावरून बघितलं. तेच, घाईचं. हे सांगताना त्या पहिल्यांदा हसल्या, आणि हसता हसता पदर डोळ्याला लावला. मी विचारलं, त्याला तरी उत्तर दिलंत ना? त्यांनी मान हलवली. नाही. हात धुतले, आतून फणीपेटीतला आरसा आणला, पदरानं पुसला आणि माझ्या हातात ठेवला. त्यांना फक्त नवऱ्याच्या हातानं निरोप हवा होता, तो मिळाला, त्यांचं काम झालं. त्याला वर कोणी बसवलं? ज्यानं बसवलं त्यानं उत्तर द्यायचं.

"त्यासनं उत्तर आते तुमनाकडे," एवढंच म्हणाल्या.

आवाज चढला नाही. पण त्या माझ्यावर रागावल्या होत्या आणि सगळा राग त्यांनी त्या एका वाक्यात ठेवला होता, हे मला कळलं. दुसऱ्या दिवशी त्या झुलालबरोबर साक्रीला गेल्या. नऊ वर्षं जगल्या, पुतण्यांची लग्नं बघितली. मी दोनदा भेटायला गेलो तर चहा केला, डोंगराचं नाव काढलं नाही.

तो आरसा त्या पेटाऱ्यात आहे. तिकडं, तुमच्या उजव्या हाताला. जुन्या धोतरात गुंडाळून, वर माझी पुस्तकं, वर कुलूप. या खोलीला खिडकी एकच, तीही उत्तरेला. लळिंग तर दक्षिणेला. रविवारी बाराच्या आधी मी ती खिडकीही लावून घेतो.

वहिनी गेल्या त्याच्या पुढच्या दसऱ्यानंतरच्या रविवारी मी या खाटेवर पडलो होतो. बाराला समोरच्या भिंतीवर, अगदी वर, छताच्या वाशाला लागून, उन्हाचा कवडसा पडला. गेला. दुसरा लगेच त्याच्या पाठोपाठ, टाचेवर पाय देऊन. उतरतो. मी उठलो नाही. पुढच्या रविवारी पुन्हा. होळीपर्यंत दर रविवारी, मग बंद. पुढच्या दसऱ्याला पुन्हा सुरू.

मी उत्तर दिलेलं नाही. पेटारा उघडलेलाही नाही. उत्तर मिळालं की माणूस पाऊल उचलतो, ही शिस्त मीच घालून दिलेली. उत्तर मिळालं नाही तर तो तिथंच थांबेल, असा माझा समज होता. म्हणून मी भिंतीवर पेन्सिलीनं खूण केली, कवडसा जागचा हलत नाही ना ते बघायला. ती सगळ्यात वरची. वर्षाकाठी एक खूण.

मोजा पाहिजे तर. अकरा आहेत. दर मोसमाला वीतभर खाली. उत्तराची वाट न बघता निघालाय तो, अगदी सावकाश, कातळातल्या पायऱ्यांवरून उतरावं तसा. त्याला आता घाई नाही.

तुम्ही उद्या जा. टाक्याचं पाणी गाळून प्या. बाराला काही दिसलं तर मला येऊन सांगू नका, मला इथं बसून कळेल. यंदाची खूण कुठं आहे, बघितलीत? दिवा जरा खाली धरा. फरशीपासून वीतभर.